बाबांच्या पुतळ्याचा मोडका कान आणि ग्रीक खेळाडूचं संगमरवरी डोकं : जाणकारांनी सांगावं

काळीमाती

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिलो. कापूस आणि तूर करतो. मूर्तिकलेतलं मले काही समजत नाही, इथं समजणारे लोक आहेत म्हणून विचारतो. थोडं लांबण लागेल, पण पूर्ण वाचजा.

माझे बाबा पैलवान होते. नागपंचमीच्या दंगलीत पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. स्वतःची कुस्ती सुटल्यावरही पंचवीस वर्षं गावच्या आखाड्यात पोरं त्यांनीच तयार केली. मागच्या दिवाळीनंतर ते गेले. पोरांनी आपसात वर्गणी केली आणि आखाड्याच्या दाराशी त्यांचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलं, पोळ्याच्या आत. तालुक्याच्या गावी एक मूर्तिकार आहेत. आमच्या भागातले गणपती आणि दुर्गादेवी बहुतेक त्यांच्याच हातच्या. त्यांना बाबांचे दोन फोटो दिले.

सोमवारी मातीचं काम पाहायला गेलो. पाहताच गळा भरून आला. कपाळावरची आठी तीच, मिशी तीच. खालचा ओठ थोडा पुढं यायचा, तोही त्यांनी बरोबर पकडला होता. मग बाजूनं गेलो, तर दोन्ही कान सरळ. कोणाचेही असतात तसे.

बाबांचा डावा कान मोडलेला होता. ज्यांनी पैलवान जवळून पाहिले त्यांना सांगायला नको. कानाची वरची घडी आतून भरून आलेली, चिंचोक्यासारखी टणक आणि तुळतुळीत, भोकाची नुसती फट राहिलेली. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून वावरात जायचो तेव्हा पडू नये म्हणून मी तोच कान धरायचो. उजवा मऊ होता, हातातून सुटायचा. डावा मुठीत बसायचा.

मूर्तिकाराले म्हटलं, काकाजी, कान राहिला. ते म्हणाले, "फोटोत दिसला मले. पन दादा, पुतळा हाय, वर्षानुवर्षं राहीन. व्यंग काहून दाखवाचं? मानसाले चांगलं दाखवावं." त्यांच्या मनात वाईट नव्हतं, म्हणून मी तिथं काही बोललो नाही. घरी आलो आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

माझी भाची परदेशात शिकते. फोनवर तिला हे सांगितलं तर दोन दिवसांनी तिनं तिथल्या एका संग्रहालयातला फोटो पाठवला. नुसतं डोकं आहे, पांढऱ्या संगमरवराचं, मानेखाली तुटलेलं. नाक गेलेलं, हनुवटीचा टवका उडालेला. केस बारीक, कुरळे, डोक्याला चिकटून. डोळे कोरे. खाली पाटीवर लिहिलं आहे म्हणते, खेळाडूचं मस्तक, मूळ ग्रीक ब्राँझवरून केलेली रोमन प्रत. तिनं फोटो काहून पाठवला ते मले लगेच कळलं. त्याचा कान पाहा. बाबांचा आहे. तीच भरलेली घडी, तीच फट.

तेव्हापासून हा फोटो मी किती वेळा उघडून पाहिला असेल. विचारायचं असं, की तो कान कारागिरानं जाणून तसा केला, का दगड झिजून तसा झाला? आमच्याकडे महादेवाच्या हेमाडपंती देवळापाशी निंबाखाली नाक-हात गेलेल्या मूर्ती ठेवल्या आहेत, म्हणून शंका येते. धडच नाही, तर हा खेळाडू आहे हे तरी कशावरून? आणि एवढा मार खाल्लेल्या माणसाचा चेहरा इतका शांत कसा?

मूर्तिकारांकडे परत जायचं आहे. रिकाम्या हातानं जाणं बरं वाटत नाही.

खडूफळा

दादा, मी चित्रकला शिकवतो, नागपूरकडे. तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि तास संपेपर्यंत डोक्यातून गेला नाही.

आधी कानाचं. तो जाणूनच केला आहे, निःशंक राहा. दगड झिजतो तेव्हा आत जातो. कड बोथट होते, टवका उडतो, खड्डा पडतो. दगड कधी फुगत नाही. फोटोत कानाची घडी बाहेर आली आहे, म्हणजे कोरणाऱ्यानं तिथला दगड काढलाच नाही, मोजून मागे ठेवला. तुमच्या निंबाखालच्या मूर्तींची नाकं गेली तसं याचंही नाक गेलं, कारण मूर्ती तोंडावर पडली की नाक आधी टेकतं. कान डोक्याला लागून असतो, म्हणून वाचला.

धडाशिवाय ओळख कशी? एक तर हा कानच. त्यांच्याकडे कुस्ती होती, मुष्टियुद्ध होतं, आणि पँक्रेशन नावाचा एक प्रकार होता, त्यात चावणं आणि डोळ्यांत बोटं घालणं सोडून जवळजवळ सगळं चालायचं. असे कान या तीन खेळांतल्या माणसांचेच. दुसरं म्हणजे रोमन लोक एकाच गाजलेल्या ग्रीक पुतळ्याच्या अनेक प्रती करवून घेत. मूळ पुतळे बहुतेक ब्राँझचे होते आणि पुढे धातूसाठी वितळवले गेले, राहिल्या त्या संगमरवरी प्रती. उदाहरणार्थ पॉलिक्लायटस या ग्रीक मूर्तिकाराचा भालाधारी, डोरिफोरस, इसवी सनापूर्वी ४४० च्या सुमाराचा. मूळ गेला, पण पाँपेईत सापडलेली त्याची प्रत आज नेपल्सच्या संग्रहालयात उभी आहे. त्याचाच दुसरा पुतळा डोक्याला विजयाची फीत बांधणाऱ्या तरुणाचा. त्याची डेलॉस बेटावर सापडलेली प्रत अथेन्सला आहे. अशी एखादी धडासकट प्रत हाती असली, की नुसत्या डोक्याच्या केसांच्या बटा तिच्याशी ताडून पाहता येतात. कधी डोकं आणि धड वेगवेगळ्या वेळीही निघतं. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर एका तरुणाचं धड १८६५ साली सापडलं, त्याचं डोकं सापडायला १८८८ उजाडलं.

डोळे कोरे दिसतात ते मूळचे तसे नव्हते. संगमरवरावर रंग असायचा, बुबुळं, भुवया, ओठ, केस रंगवलेले. ब्राँझच्या मूर्तीत डोळे काच, दगड, हाड असे काही बसवून करत. रंग उडून गेला आणि आपल्याला वाटतं हे लोक पांढरेच होते.

आता शांत चेहरा. हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे असं मला वाटतं. प्लिनी नावाचा रोमन लेखक सांगतो, की ऑलिंपियाला जिंकेल त्याचा पुतळा उभारायची रीत होती, पण हुबेहूब स्वतःच्या रूपाचा पुतळा तीनदा जिंकणाऱ्यालाच मिळायचा. म्हणजे बाकीच्यांचे चेहरे एका ठरावीक आदर्शात बसवलेले. कपाळ, नाक, हनुवटी सगळं मापात. राग नाही, दम लागलेला नाही. आणि अशा चेहऱ्यालाही कान मात्र मोडकाच दिला. त्या माणसाचं स्वतःचं असं जे काही होतं ते गाळलं, कान गाळला नाही. कारण कान गाळला असता तर तो पैलवान राहिलाच नसता.

रोममध्ये १८८५ साली एक ब्राँझचा मुष्टियोद्धा सापडला, बसलेला, हातांना चामड्याचे पट्टे. त्याच्या जखमांवर लाल तांबं बसवून रक्त दाखवलं आहे. नाक मोडलेलं, कान सुजलेले, मान वळवून वर पाहतो आहे. कुणीतरी आत्ताच नाव घेऊन हाक मारली असावी असा. जमलं तर त्याचा फोटो मूर्तिकारांना दाखवा.

आणि प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस म्हणतो, की स्पार्टा या लढवय्या ग्रीक नगराची नक्कल करायला निघालेले लोक कान मोडून घेतात आणि हाताला पट्टे गुंडाळतात. म्हणजे कानावरून माणूस ओळखायची रीत तिकडेही होती.

त्यांचा आखाडाही बघा. कुस्तीची जागा खणून भुसभुशीत करत आणि ती खणायचे खेळाडू स्वतः. मातीच्या भांड्यांवरच्या चित्रांत खेळाडूंच्या बाजूला कुदळ काढलेली दिसते. अंगाला ऑलिव्हचं तेल, वरून धूळ. कुस्ती झाली की वाकड्या पट्टीनं तेल, घाम, माती खरवडून काढायची. ती खरवड औषधी म्हणून विकली जायची.

पारावरून

वाचून चांगलं वाटलं, पण माझं मत मूर्तिकारांच्या बाजूनं आहे. आपल्यात मूर्ती अव्यंग असावी असं सांगतात. खंडित मूर्ती आपण देवघरातून काढून पाण्यात सोडतो. त्या दादांच्या वडिलांपुढे उद्या पोरं फूल ठेवतील, उदबत्ती लावतील. तिथे ग्रीक लोकांचा दाखला कशाला? मूर्तिकार जुने आहेत, त्यांच्या हाताला परंपरा आहे. त्यांचा शब्द मोडू नये.

खडूफळा

पारावरून, तुमचं म्हणणं मनापासून आहे, म्हणून तेवढ्याच मनापासून सांगतो. खंडित म्हणजे घडवल्यावर तुटलेली. घडवतानाच जे रूप दिलं ते खंडित कसं? ग्रीकांचा हेराक्लीज तर झ्यूस देवाचा मुलगा, पुढे स्वतः देव झालेला. त्याच्याही काही मस्तकांना असे फुगलेले कान दिले आहेत, कारण त्यांच्या लेखी तोच पहिला मोठा मल्ल.

शिवाय घडवणाऱ्यानं आपल्या मनानं 'चांगलं' करायला घेतलं की काय होतं ते एकदा घडून गेलं आहे. मायरन या ग्रीक मूर्तिकाराचा थाळीफेक्या सगळ्यांनी चित्रात पाहिला असेल. त्याची एक प्रत १७९१ साली इटलीत टिवोलीला सापडली, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. डोकं बसवताना दुरुस्ती करणाऱ्यानं त्याला खाली, समोर पाहायला लावलं. दहा वर्षं आधी, १७८१ साली रोममध्ये दुसरी प्रत निघाली होती, त्यात तो मान वळवून मागे, हातातल्या थाळीकडे पाहतो. लंडनचा थाळीफेक्या आजही चुकीच्या दिशेला पाहत उभा आहे. दगडात एकदा बसलं की बसलं.

लालमाती_अकोट

बाबू, मी सत्तरीचा मानूस हाओ, नातू टाइप करून देऊन रायला. तुयं वाचलं अन् माहा हात आपोआप कानावर गेला. माहे दोन्ही मोडले हायेत.

मास्तरनं कुदळीचं लिवलं ते वाचून मले लय बरं वाटलं. आमीबी नागपंचमीच्या पंधरा दिवस आधी आखाडा खनत होतो. पह्यले कुदळ, मंग पावडं, मंग हातानं खडे येचाचे. त्याच्यात तेल, ताक, हयद, लिंबू. पोट्टं नवीन आलं की वस्ताद त्याले पह्यले आठ दिवस नुसतं खनाले लावे. अंगाले हात लावू देत नोयते. माती कोनाची, हे त्याले कळाले पायजे ना. आनि अंग दुखलं की तीच माती लावाची, दुसरं औषध नाई.

कान कसा मोडते सांगतो. एका दिवसात नाई मोडत. समोरच्याच्या छातीवर, मांडीवर डोकं घासून घासून, पट काढाले घुसलं की कान चेपते. आंदर रक्त जमते. गरम लागते, ठनकते. तवाच डाक्टरनं सुईनं काढलं अन् दाबून बांधलं त कान वाचू शकते. आमच्यातले काई बांधत, लय जन बांधत नोयते, कारन बांधला की चार दिवस मातीत उतरता येत नाई. तुया बाबानं नाई बांधला. म्हनजे ते चार दिवसबी मातीतच होते. हे पुतळ्यात दिसलं नाई त काय दिसलं?

आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे लोक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकले खेळ दाखवाले गेलते, आमचे वस्ताद ते सांगताना उभे राहून सांगत. तिकडच्या लोकाईनं आपले लोक पाह्यले असतीन, आपन त्याईचा दगडाचा पैलवान आज पाहून रायलो. मले तो फोटो नातवानं मोठा करून दाखवला. कान बरोबर हाय. ज्यानं केला त्यानं आखाडा पाह्यलेला हाय.

मूर्तिकारासंग भांडू नोको. हात जोडून सांग.

टाकीचा_घाव

आमच्या घरी तीन पिढ्या दगड आणि मातीचं काम आहे, वर्ध्याच्या बाजूला. मुद्द्याचं सांगते.

दादा, काम अजून मातीत आहे ना? मग आजच जा. ओलं फडकं काढायचं, कान बदलायला तासभर लागतो, खर्च काहीच नाही. एकदा प्लास्टरचा साचा झाला आणि फायबर ओतलं, की मग कान कापून चिकटवावा लागेल आणि तो जोड कायम दिसत राहील.

मूर्तिकारांना कदाचित एक अडचण असेल जी ते बोलले नसतील. फोटो समोरून काढलेले असतात, त्यात कान कडेनं दिसतो, आतलं काही कळत नाही. असा कान अंदाजानं केला तर मातीचा गोळा थापल्यासारखा दिसतो आणि मग खरंच लोक हसतात. म्हणून ते टाळत असावेत. त्यांना कान दाखवा. बाजूनं, मागून, वरून. वडिलांचा बाजूनं काढलेला फोटो नसेल तर गावात त्यांच्या जोडीचा कुणी पैलवान असेल, त्याला सोबत घेऊन जा. कान समोर असला की हात आपोआप चालतो.

आणखी एक, जे शिकताना मला कुणी सांगितलं नाही. खालची पाळी फुगवायची नाही. पाळीत कूर्चा नसते, ती मऊच राहते. सूज येते ती वरच्या घडीत आणि आतल्या वाटीत. तुमच्या फोटोतला कान मी बराच वेळ पाहिला. त्या कारागिरानं वरचं सगळं भरलं आहे आणि पाळी मात्र साधी, पातळ ठेवली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस आणि ही गोष्ट त्याला ठाऊक. मी अंगणात बसून पाहत होते, आईला हाक मारून दाखवलं.

साच्याच्या दृष्टीनं तर मोडका कान सोपा. साध्या कानाच्या घड्यांत प्लास्टर अडकतं, भरलेल्या कानातून सहज निघतं. हे त्यांना सांगा, ते मान हलवतील.

काळीमाती

सगळ्यांना नमस्कार. काल जाऊन आलो, आज लिहितो.

टाकीचा घाव ताईंनी सांगितलं तसंच केलं. बाबांच्या जोडीचे एक काका आहेत गावात, ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचा उजवा कान मोडलेला. एसटीनं नेलं. आईही म्हणाली मी येते. मी म्हटलं ऊन लय आहे, ती ऐकली नाही.

मूर्तिकारांना आधी संगमरवरी डोक्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोन डोळ्याजवळ नेला. पहिला प्रश्न विचारला तो नाकाचा, "नाक कायनं गेलं?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मोठं करून केस पाहिले, म्हणाले, "एकेक बट येगळी हाय." मग कान. मास्तरांचं वाक्य मी तसंच सांगितलं, की दगड झिजला तर आत जातो, फुगत नाही. ते म्हणाले, "हे खरं हाय." पाळीचंही त्यांनी स्वतःच पाहिलं, माझ्या सांगायच्या आधी.

व्यंगाची गोष्ट मी काढणारच होतो, पण आईच बोलली. कोपऱ्यात गणपतीच्या मूर्ती वाळत ठेवल्या होत्या, तिकडं पाहून म्हणाली, "काकाजी, तुमी एवढे गनपती करता, एक दात मोडूनच करता ना?" त्यांनी आईकडं पाहिलं, आणि पुतळ्यावरचं ओलं फडकं काढलं.

काकांना स्टुलावर बसवलं, उजेडाकडं कान करून. त्यांचा उजवा, आपल्याला पाहिजे डावा. मूर्तिकारांनी आरसा आणला, भिंतीला टेकवला आणि आरशात पाहून काम केलं. हे मले सुचलं नसतं. बोटानं जुनी घडी बुजवली, वरून माती दिली, बांबूच्या कोरणीनं फट पाडली. पाळीला हातही लावला नाही. काका मान न हलवता पाऊण तास बसले. मधून मधून विचारायचे, "झाला का?"

झाल्यावर मूर्तिकार म्हणाले, वहिनी, पाहा. आईला आता कमी दिसतं. ती पुढं गेली, डोळे मिटले आणि हातानं पाहिलं. आधी मिशी, मग गाल, मग कान. दोन बोटं त्या घडीवर फिरवली. म्हणाली, "इथं अजून एक गाठ होती. बारीक. मागच्या बाजूनं." मूर्तिकारांनी मातीची ज्वारीएवढी गोळी केली आणि तिच्या बोटावर ठेवली. तिनं स्वतः ती लावली.

साचा परवा होईल.